कानसेनांचे दोन सूर

माझ्या ताईच्या नवऱ्याला कंपनीत सगळे कानसेन म्हणत. नाव कुणीतरी चेष्टेने ठेवलं होतं, पण दाजींनी ते पदवी मिळाल्यासारखं मिरवलं. पुढेपुढे तर खऱ्या नावाने हाक मारली की ओ द्यायला त्यांना अंमळ उशीर व्हायचा. ते निवृत्त होईपर्यंत अठ्ठावीस वर्षं मी या माणसाच्या हाताखाली काढली. त्यातली निदान सत्तावीस त्यांना मनातल्या मनात नावं ठेवण्यात गेली, हे आधीच सांगून टाकतो. मी काही त्यांचं गुणगान करायला बसलेलो नाही.

आमची कंपनी लिफ्ट बनवते आणि बसवते. मी साधा मेकॅनिक. दोर, ग्रीस, ब्रेक आणि दारांचे रूळ यांत माझी हयात गेली. दाजी आवाज तपासायचे. नवी लिफ्ट बसली की हे मोटारीच्या खोलीत जाणार, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीच्या अंगाला टेकवणार, मूठ कानामागच्या हाडाला लावणार आणि डोळे मिटून घेणार. असं ऐकलं की आतल्या बेअरिंगची तब्येत कळते, हे खरं आहे. पण त्यासाठी डोळे मिटायची काही गरज नसते. मीही तसं ऐकतो, उघड्या डोळ्यांनी ऐकतो. मात्र डोळे मिटले की भोवतालची माणसं बोलायची थांबतात आणि साहेबसुद्धा पाय न वाजवता उभे राहतात, हे दाजींना फार लवकर कळलं होतं.

त्यांचा कान खोटा होता असं मी म्हणणार नाही. एका इस्पितळातल्या लिफ्टला त्यांनी असाच कान लावला आणि सांगितलं की बेअरिंगला चीर गेली आहे, लिफ्ट बंद करा. यंत्रं तर सगळं ठीक दाखवत होती. उघडून पाहिलं तर केसाएवढी चीर निघाली. आणखी आठवडाभर चालवली असती तर ती लिफ्ट मधेच अडकली असती, कदाचित पेशंटसकट. त्या दिवसापासून दाजी कधी चुकले नाहीत. म्हणजे चुकले असतील, पण ते त्यांना सांगायची कुणाची छाती झाली नाही.

घरी तर विचारूच नका. जेवताना चमचा ताटाला लागला की यांच्या कपाळाला आठी. खुर्ची सरकवायची नाही, उचलून ठेवायची. ताईचं शिवणयंत्र होतं, ती आजूबाजूच्या बायकांचे कपडे शिवायची. ते यंत्र दाजी कामावर गेले की सुरू व्हायचं आणि त्यांची पावलं जिन्यावर वाजायच्या आत त्याच्यावर चादर पडायची. एकदा तर भिंतीवरच्या घड्याळावरून त्यांचा वाद झाला. घड्याळाचे ठोके सगळे सारखे. पण सारखे ठोके ऐकत बसलं की त्यातला एक जड आणि एक हलका आहे असं आपल्याला उगाच वाटायला लागतं. ताईला जो जड वाटायचा तो दाजींना हलका. आता हा काय भांडायचा विषय आहे? पण दाजींनी तिला भिंतीपुढे उभी केली आणि बोटाने ठेका धरून अर्धा तास शिकवलं. शेवटी ताई म्हणाली, "बरं." त्या घरातले निम्मे वाद या एका शब्दावर मिटत.

नऊ वर्षांपूर्वी कंपनीने ठरवलं की आंधळ्या माणसांसाठी लिफ्टला खुणेचा आवाज बसवायचा. मजल्यावर येऊन थांबलेली लिफ्ट पुढे वर जाणार आहे की खाली, हे बाहेर उभ्या माणसाला न बघता कळलं पाहिजे. कुणीतरी सुचवलं की बाईच्या आवाजात 'वर' आणि 'खाली' असं सरळ बोलायला लावू या. उपाय सोपा होता, स्वस्त होता, कुणालाही कळणारा होता. म्हणूनच तो दाजींच्या पचनी पडला नाही. नाकाने कांदे सोलत ते बैठकीत म्हणाले की भाषा दहा असतात, सूर जगात एकच असतो. दोन सूर वाजवा. चढत गेले तर लिफ्ट वर, उतरत आले तर खाली. लहान पोरालासुद्धा शिकवावं लागणार नाही. साहेब लोकांनी माना डोलावल्या. लिफ्टमधून रोज जाणाऱ्या एकाही आंधळ्या माणसाला त्या बैठकीला कुणी बोलावलं नव्हतं.

सूर दाजींनी समोर बसून संगणकावर बनवून घेतले. साधे सूर त्यांना किरकिरे वाटले. मग त्यांनी एकच सूर खालच्या, मधल्या, वरच्या अशा सगळ्या सप्तकांत एकदम वाजवायला लावला. आवाज भारदस्त झाला, मोठ्या घंटेसारखा. दुसरा सूरही तसाच केला, पहिल्यापासून बरोबर अर्ध्या सप्तकाच्या अंतरावर. पहिल्यामागून दुसरा वाजला की लिफ्ट वर जाणार. दुसऱ्यामागून पहिला वाजला की खाली. दाजी त्यावर इतके खूश झाले की दोन दिवस जेवताना तेच गुणगुणत होते म्हणे.

आता आमच्याकडच्या चाचणीची रीत सांगतो, सगळी गोम तिथे आहे. स्पंजच्या भिंती असलेली एक खोली होती. तिथे पाच जण बसायचे, आवाज वाजायचा आणि मग एक वही फिरायची. ज्याला जे ऐकू आलं ते त्याने आपल्या रकान्यात लिहून सही करायची. ऐकायला बरी वाटते ही पद्धत. पण वही फिरायची ती ज्येष्ठाकडून कनिष्ठाकडे. पहिला रकाना अर्थात दाजींचा. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, "स्वच्छ चढता" असं मोठ्याने म्हणाले, जाड शाईने 'चढता' लिहिलं आणि वही सरकवली. पुढच्या तिघांनी 'वरीलप्रमाणे' लिहिलं. वही माझ्यापाशी आली.

मला तो आवाज उतरता ऐकू आला होता. जिना उतरावा इतका सरळ उतरता. मी पुन्हा वाजवायला सांगितलं. पुन्हा उतरता. दाजी चष्म्यावरून माझ्याकडे बघत होते. ही नोकरी मला त्यांच्या शब्दावर लागलेली. माझे कान ब्रेकच्या किंकाळ्या ऐकून किटलेले, त्यांचे कान अख्ख्या कंपनीत नावाजलेले. मी मिठाची गुळणी धरली, 'वरीलप्रमाणे' लिहिलं आणि सही ठोकली. बाहेर आल्यावर त्या तिघांतला एक वायरमन माझ्याकडे बघत थोडा घुटमळला आणि निघून गेला. खरं सांगायचं तर त्या सहीत मला जराशी गंमतही वाटली होती. म्हातारा एक दिवस तोंडावर आपटेल आणि आपण बघत उभे राहू, असा माझा हिशेब होता.

पण म्हातारा आपटला नाही. लिफ्टा धडाधड खपल्या. डोळस माणसं दारावरचा बाण बघतात, आवाजाकडे कोण लक्ष देतो? थोड्या आंधळ्या माणसांच्या तक्रारी आल्या की आवाज उलटा वाजतो. तितक्याच आंधळ्या माणसांची पत्रं आली की फार चांगली सोय केलीत. दाजींनी दुसऱ्या प्रकारची पत्रं जपून ठेवली, आणि पहिल्या प्रकारच्या प्रत्येक कागदावर एकच शेरा मारला. ग्राहकाला ऐकण्याचे प्रशिक्षण द्यावे.

मग ताईचे डोळे गेले. काचबिंदू होता. कडेकडेने काळोख येत गेला आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी पूर्ण आला. ताई रडली असेल तर आम्हाला दिसेल अशी रडली नाही. तिने पांढरी काठी घेतली, ती कशी फिरवायची ते शिकून घेतलं आणि दोन गल्ल्या पलीकडच्या केंद्रात आपल्यासारख्याच बायकांना हाताच्या अंदाजाने शिवण शिकवायला जाऊ लागली. सकाळी दहाला ती एकटी निघायची. चौथ्या मजल्यावरून लिफ्टने खाली, लिफ्टपासून रस्त्याच्या दारापर्यंत चौदा पावलं, मग उजवीकडे. आयुष्यात पहिल्यांदा तिला राजरोस यंत्र चालवायला मिळत होतं, आणि ते कुणी येईल म्हणून झाकावं लागत नव्हतं. ती मला म्हणाली होती, की डोळ्यांबरोबर पुष्कळ काही गेलं, पण हे चार तास आले.

गेल्या वर्षी त्यांच्या इमारतीची जुनी खडखडती लिफ्ट काढून आमच्या कंपनीची नवी बसवली. दाजींनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना गोळा करून आवाज ऐकवला. ताई बाजूला उभी होती. तिला तो उलटा वाटला. ती तसं म्हणाली, दाजींनी समजावलं, ती "बरं" म्हणाली. पुढे बरेच दिवस लिफ्टमध्ये सोबत कुणी ना कुणी शेजारी असायचं, त्यामुळे निभावलं.

एका सकाळी सोबत कुणी नव्हतं. लिफ्ट आली, आवाज झाला. ताईला तो उतरता ऐकू आला. आता दाजींनी शिकवलेलं खरं मानायचं की आपले कान, असा तिला क्षणभर प्रश्न पडला, आणि तिने एकदाच आपल्या कानांवर विश्वास ठेवला. ती आत शिरली. तळमजल्याचं बटण दाबलं. पण लिफ्ट वर चालली होती, गच्चीवर वाळलेले कपडे काढत असलेल्या एका बाईने ती आधीच बोलावून ठेवली होती. नवी लिफ्ट इतकी अलगद जाते की वर चाललो की खाली ते पोटालासुद्धा कळत नाही, हे आमच्या जाहिरातीत लिहिलेलं आहे. दार उघडलं. ताई तळमजला समजून बाहेर पडली आणि पावलं मोजत निघाली. गच्चीच्या त्या बाजूचा कठडा दुरुस्तीसाठी काढला होता. अकराव्या पावलाला काठी खाली टेकली नाही. तोवर त्या बाईने बादली टाकून धावत येऊन तिचा दंड धरला होता.

ही गोष्ट ऐकल्यावर कुठलाही धड माणूस म्हणाला असता की या आवाजात काहीतरी गडबड आहे. दाजींनी ताईला खुर्चीत बसवलं, मोबाइलवर तोच आवाज लावला आणि परीक्षा घेतली. चढता की उतरता? उतरता. नीट ऐक. उतरता. दहा वेळा विचारलं, दहाही वेळा तिने तेच सांगितलं. एवढ्यावरून दाजींनी निदान केलं की डोळे तर गेलेच होते, आता हिचं डोकंही चाललं. त्यांनी घराची तिची किल्ली खुंटीवरून काढून आपल्या शर्टाच्या खिशात टाकली. दुसऱ्या दिवसापासून ताईचं केंद्र बंद. दाजी बाहेर जाताना दाराला बाहेरून कुलूप घालू लागले. परदेशातल्या मुलीला फोन करून सांगितलं की आईला सांभाळणं आता आपल्याच्याने होत नाही. गावाबाहेर अशा माणसांना ठेवून घेणारी एक संस्था त्यांनी शोधली आणि तिचा फॉर्म आणला. फॉर्मवर कानांच्या आणि स्मरणशक्तीच्या तपासणीचा दाखला लागणार होता.

ते घाबरले होते, हे मला दिसत होतं. बायको गच्चीवरून पडता पडता वाचली म्हटल्यावर कोण घाबरणार नाही? पण हा माणूस आपल्या बायकोला वेडी ठरवायला तयार होता, आणि आपले दोन सूर वेडे असतील एवढं मात्र त्याच्या मनाला शिवत नव्हतं. माझा तिळपापड होत होता. मी रोज संध्याकाळी जाऊन बसायचो, चहा प्यायचो, त्यांच्या खिशातल्या किल्लीचा फुगीर आकार बघायचो आणि घरी येऊन बायकोपुढे त्यांच्या नावाने बोटं मोडायचो.

त्यांच्यासमोर मात्र एक शब्द बोललो नाही. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. चाचणीच्या वहीत खोटं लिहून सही केली असं बाहेर आलं तर काय होईल, ते मला ठाऊक होतं. एकदा दाजी दूध आणायला गेले असताना ताईने मला हळूच विचारलं, "तुला कसा ऐकू येतो रे तो?" मी म्हणालो की माझे कान कुठे धड राहिलेत, मला काय विचारतेस.  मी मनाची समजूत घातली की डॉक्टर आहे ना, डॉक्टरच काय ते बघेल.

डॉक्टर एक मध्यम वयाच्या, कमी बोलणाऱ्या बाई होत्या. गाडी माझी, म्हणून मीही सोबत होतो. त्यांनी ताईला बंद खोलीत बसवून कान तपासले, मग स्मरणशक्तीचे प्रश्न विचारले. ताईने शंभरातून सात-सात वजा करत करत दोनपर्यंत आणून दाखवलं, ते मला जमलं नसतं. बाईंनी सांगितलं की कान वयाच्या मानाने उत्तम आहेत आणि डोकं त्याहून उत्तम आहे. दाजी हसले. गाढवापुढे गीता वाचणाऱ्याचं असतं तसलं हसू. त्यांनी मोबाइल काढला, आवाज वाजवला आणि म्हणाले की ही बाई याला उतरता म्हणते, आता बोला.

डॉक्टरीणबाईंनी तो दोनदा ऐकला. मग मोबाइल घेऊन त्या सरळ बाहेरच्या खोलीत गेल्या. तिथे सात जण वाट बघत बसले होते. त्यांना ऐकवून हात वर करायला लावले. चौघांना उतरता वाटला, तिघांना चढता. त्यात एक नवरा-बायको होते, त्यांची तिथल्या तिथे जुंपली. नवरा म्हणाला की इतकं साधं तुला कळत नाही, आणि बायकोने त्याच्याकडे असं बघितलं की तो खुर्चीत मागे सरकला. मला उकळ्या फुटत होत्या. सत्तावीस वर्षं ज्याची वाट बघितली ते समोर घडत होतं, आणि तेही मला तोंड न उघडता.

आत येऊन बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. दाजींना म्हणाल्या, "बारावरचा काटा सहावर गेला. जाताना तुम्ही पाहिला नाही. तो उजवीकडून गेला की डावीकडून?"

दाजी म्हणाले की ते कसं सांगणार. बाई म्हणाल्या की तुमच्या सुरांचं तसंच आहे. एकच सूर सगळ्या सप्तकांत एकदम वाजतो, त्यामुळे दुसरा सूर पहिल्याच्या जितका वर तितकाच खालीही आहे. वर गेला की खाली आला हे आवाजात ठरलेलंच नाही. ते ऐकणाऱ्याचं डोकं ठरवतं, आणि एकदा ठरवलं की त्याला दुसरं काही ऐकूच येत नाही. लहानपणी घरात जी बोली, जे आवाज कानावर पडले त्यावर ते ठरत असावं, असं काही अभ्यासकांना वाटतं. एका आईच्या हाताखाली वाढलेल्यांचं पुष्कळदा सारखं निघतं.

दाजींचा चेहरा उजळला. बुडत्याला काडी सापडावी तसे ते माझ्याकडे वळले. "मग याला विचारा. हिचा सख्खा भाऊ. याने नऊ वर्षांपूर्वी हा आवाज ऐकून चढता म्हणून सही केली आहे. वही आहे ऑफिसात."

ताईने मान माझ्या दिशेला वळवली. तिला मी दिसत नव्हतो, तरी मला नजर चुकवावीशी वाटली. टेबलावर तो फॉर्म होता, खाली डॉक्टरांच्या सहीची जागा कोरी होती.

"उतरता," मी म्हणालो.

"कधीपासून?" ताईने विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

मला वाटलं होतं दाजी भडकतील. त्यांनी फक्त मोबाइल कानाशी धरला आणि आवाज पुन्हा पुन्हा वाजवत राहिले. या खेपेला त्यांचे डोळे उघडे होते. अकराव्या पावलाचा हिशेब त्यांच्यापर्यंत आत्ता पोचत असावा. इतकी वर्षं ज्या घटकेची वाट पाहिली ती आली होती, आणि मला तिच्यात गोडी म्हणून लागत नव्हती.

 माझ्याकडेच तोंड करून ताई म्हणाली, "यांना चढता ऐकू आला, हे चढता म्हणाले."

पुढचं वाक्य तिने उच्चारलं नाही. मला ते स्वच्छ ऐकू आलं, आणि ते दोन तऱ्हांनी ऐकता येण्यासारखं नव्हतं.

तिने दाजींपुढे हात पसरला आणि किल्ली मागितली. त्यांनी खिशातून काढून तिच्या तळहातावर ठेवली. किल्ली पर्समध्ये टाकून ती उठली, काठी उघडली आणि दुसऱ्या हाताने दाजींचं कोपर धरलं. मी तो बिनसहीचा फॉर्म घडी करून घेतला आणि दोघांच्या मागून बाहेर आलो. दवाखान्याची लिफ्ट जुनी होती, दुसऱ्या कुठल्या तरी कंपनीची, तिला खुणेचा आवाजच नव्हता. दार उघडलं तसं ताईने दाजींना विचारलं, वर चालली आहे की खाली. मी तिच्या दुसऱ्या बाजूला, काठीच्या अंतरावर उभा होतो.